दुकानातला माझा तिसरा हिस्सा

मंगळवार, ४ मार्च, सकाळी सव्वादहा. दादाकडून तासाभरासाठी किल्ली मागून, बंद दुकानातले टेबल पुसून लिहायला बसलो आहे. वय सव्वीस, शिक्षण आठवी, धंदा रेडिओदुरुस्ती. प्रकृती ठणठणीत. काळजी करण्याची सवय आहे, पण डॉक्टर तिला आजार म्हणत नाहीत. दबाव कोणाचाही नाही.

आजोबांच्या काळी शेजारची दोन मोठी राष्ट्रे लढली, आपण तटस्थ राहिलो. आजोबांनी दोन्ही वकिलातींचे रेडिओ दुरुस्त केले. ठेवायच्या फळ्या वेगळ्या, दर एकच. पुढे सरकारने सरहद्दच मिटून घेतली. परदेशी माल नको, बातमीही नको. प्रत्येक रेडिओचा काटा आपल्या केंद्रावर आणून लाखेने पक्का करायचा हुकूम निघाला. वडिलांचे निम्मे आयुष्य त्या लाखेत गेले. यंदा शेजारच्या छोट्या देशावर हल्ला झाला आणि संसदेने प्रथमच मदतपथक पाठवायचे ठरवले. त्यात बिनतारी यंत्रांचा दुरुस्तीवाला म्हणून मी शनिवारी निघतो. जाण्यापूर्वी मृत्युपत्र द्यावे, असा नियम आहे.

एक. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःच्या दातांवर खर्च करावी, नातवंडांवर नव्हे.

दोन. सायकल दादाला. मागचा ब्रेक लागत नाही, पुढचा जपून दाबावा.

तीन. समोरच्या न्हाव्याने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. त्याच्यावरचा राग मी सोबत नेत आहे.

चार. हे दुकान आम्हा तिघा भावंडांचे. दोन सह्यांशिवाय काही ठरत नाही. ताईला दुरुस्ती चालवायची आहे, दादाला गाळा भाड्याने द्यायचा आहे. मी दोन वर्षे कोणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून शटर खाली आहे.

काल दादा म्हणाला, "घरात तोंड उघडत नाहीस, आणि निघालास परक्यांच्या भांडणात!"

ताई म्हणाली, "तुझ्या गप्प बसण्यानं भांडण मिटलं नाही रे, माझा धंदा तेवढा बसला."

आजोबांपुढची दोन्ही राष्ट्रे तुल्यबळ होती. इथे दादाला नोकरी आहे, तो थांबू शकतो. ताईला दुसरे काही नाही. सबब माझा हिस्सा व सर्व अवजारे ताईला. मरणाची वाट कशाला पाहायची, म्हणून दुरुस्तीच्या बाजूने संमतीपत्रावर आजच सही केली आहे.

वरील मजकूर वाचून, शुद्धलेखन तपासून सही करतो.

ठिकाण : दुकानातच.
साक्षीदार : शेजारचा शिंपी; दवाखान्यातला कंपाउंडर.

ता. क. सह्या होईपर्यंत ताईने शटर वर घेतले. दादा बंद पडलेला मिक्सर घेऊन दारात उभा आहे. ताई त्याला म्हणते आहे, "भाऊ म्हणून आलास तर चहा घे. गिऱ्हाईक म्हणून आलास तर उद्या ये."