चारशे दहा पावलं

रेवन नदी, वरच्या फाट्याचा पट्टा
२६ ऑगस्ट

प्रिय एबल,

आम्ही तिघंही धड आहोत, फक्त ओले आहोत. तुम्ही सगळे तिकडे कोरडे असाल असं धरून चालते.

आज तिसरा दिवस. खिंडीवर ढग असा बसलाय की उठायचं नाव घेत नाही. सकाळी सॅटेलाइट फोनवर तू "हवा उघडली की येतो" म्हणालास आणि ठेवून दिलास. हल्ली तुझंमाझं बोलणं एवढ्यावरच संपतं. तू विमानं उडवणारा आणि मी पाहुण्यांना रानातून चालवणारी, असं तीस वर्षं आपण एका घराचं दुकान चालवलं. तेव्हा फोनवर तुझी बडबड थांबवताना बॅटरी संपायची. म्हणून म्हटलं, तंबूत बसलेच आहे तर लिहावं. वहीची पानं जरा दमट आहेत, अक्षर फुटलं तर समजून घे.

पाहुणे चांगले निघाले. ऑस्ट्रँडर मास्तरांनी मिनेसोटात चाळीस वर्षं भूगोल शिकवला. या वर्षी बहात्तराव्या वर्षी त्यांना वाटलं की नकाशातली ही रिकामी जागा एकदा पायाखाली घालावी. बायको ग्रेटा. बाई न बोलता चालतात आणि मास्तर न थांबता बोलतात. दहा दिवसांत दोघांनी एकदाही कुरकुर केली नाही, पावसातसुद्धा. चौथ्या दिवशी कॅरिबू हरणांचा कळप उतरताना दिसला, दोनेकशे असतील. मास्तर तेव्हा पहिल्यांदा गप्प बसले. परवा एक अस्वल पलीकडच्या काठाने गेलं. आमच्याकडे पाहिलं, वास घेतला आणि कंटाळून निघून गेलं. त्याला आमचं काय आकर्षण, डब्यात आता ओटचा लगदा, कडक बिस्किटं आणि तू दिलेलं सुकं मांस उरलंय. ग्रेटाबाईंनी काल टोपीभर ब्लूबेरी आणल्या, म्हणून लगदा तरी घशाखाली उतरला.

डास संपले. झुडपांची पानं लाल झाली आहेत. पहाटे तंबूवर बर्फाची पापडी असते.

खालच्या ओढ्यापासून विमानं उतरतात त्या या वाळूच्या पट्ट्यापर्यंतची वाट यंदा लांबली आहे की काय कोण जाणे. बाबांच्या वेळेपासून ती दोन हजार पावलांची. जूनमध्ये मोजली तेव्हा अडीच हजार भरली. वाटलं, गवताचे गड्डे चुकवत वळसे घेत आले असेन. मग विसरून गेले.

मी थकले आहे, एबल. रात्रीच्या झोपेने जाणारा थकवा नाही हा. सकाळी उठून बूट घालते, तेव्हाच दिवस संपल्यासारखा वाटतो. तंबूचे खुंटे ठोकायला वाकते आणि पुन्हा उभं राहायच्या आधी थोडा वेळ तशीच बसते, जणू काही शोधते आहे. ग्रेटाबाईंच्या हे लक्षात आलंय. त्या माझ्या हातातला हातोडा काढून घेतात.

तुझ्या नेटीचा हात आता डोक्यापर्यंत जातो, असं तू मागच्या आठवड्यात म्हणालास. बरं वाटलं. सोमवारी फेअरबँक्सहून अपघाताच्या चौकशीचे साहेब येणार आणि चूक माझी म्हणून ती सही करणार, हेही म्हणालास. "पोरीच्या हातात मोठं विमान दिलं, हीच माझी चूक," असंही म्हणालास. त्यावर मी काही बोलले नाही. तुला वाटलं असेल, फोन तुटला.

फोन तुटला नव्हता.

चहा ठेवते. उरलेलं उद्या.

२७ ऑगस्ट

ढग तसाच आहे. तू सकाळी पुन्हा सांगितलंस, उद्या दुपारपर्यंत उघडेल. मग हे आजच लिहायला हवं.

काल संध्याकाळी आम्ही पाणी आणायला वरच्या झऱ्यावर गेलो. मी पुढे, मास्तर मागे. वाटेत ते हसून म्हणाले, "हेस्टरबाई, राग मानू नका, पण तुमच्या मागून चालताना मला पाय आखडते घ्यावे लागतात. दहा दिवस मी राजदरबारातल्यासारखा चालतोय."

मी म्हटलं, "पाहुण्यांना दम लागू नये म्हणून मी हळू चालते."

"हळू नाही हो," मास्तर म्हणाले. "चालता भराभर. पावलं बारीक टाकता. माझी आई म्हातारपणी अशी चालायची, सबंध घरभर टुकटुक."

ग्रेटाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. मी हसले. पाण्याचे डबे भरले, परत आले, तंबूत शिरले आणि बराच वेळ बूटसुद्धा काढले नाहीत.

मार्चमध्ये दवाखान्यातल्या बाईंनी मला सांगितलं होतं की उजव्या खुब्याचं हाड झिजलंय. मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू मला दुकानात तिकिटं लिहायला बसवलं असतंस. तुझं चुकलं नसतं. पण मला इथे यायचं होतं. हा माझा एकतिसावा हंगाम. गोळ्या घेतल्या की कुणाला दिसण्याइतकं लंगडायला होत नाही, म्हणून मी समजले की मी लंगडतच नाही.

बाबांनी आपल्याला या असल्याच पट्ट्यावर मोजायला शिकवलं होतं, आठवतं? बर्फ फुटलं की नदी दर वर्षी पट्टा नवा मांडते, म्हणून खाली जो उभा आहे त्याने तो आधी पायाने चालायचा. मोठे गोटे बाजूला करायचे, मऊ वाळूत टाच रुतवून बघायची, ओंडका दिसला तर ओढायचा. मग पावलं मोजायची. चारशे पावलं म्हणजे हजार फूट. दोन्ही टोकांना केशरी फडकं, त्यावर दगड. आणि वर विमानात जो आहे त्याने खालच्याचा शब्द मानायचा. तू दहा वर्षांचा असताना म्हणाला होतास, "आणि खालचा चुकला तर?" बाबा म्हणाले होते, "मग त्याला खाली उभं करायचं नाही." तू हसलास, मीही हसले. माझं पाऊल तेव्हा तुझ्यापेक्षा लांब होतं.

आता नऊ जुलैचं सांगते.

त्या दिवशी मी हा पट्टा चालले. चारशे दहा पावलं भरली. वरच्या टोकाला फडकं ठेवलं, खालच्या टोकाला वाहून आलेल्या ओंडक्याजवळ दुसरं. पाहुणे सामान बांधत लांब उभे होते. नेटी मोठं विमान घेऊन आली, एक चक्कर मारली, दुसरी मारली. मग रेडिओवर तिचा आवाज आला.

"आत्या, किती आहे?"

"चारशे दहा पावलं."

विमान पुन्हा एकदा पट्ट्यावरून गेलं. मग ती म्हणाली, "आत्या, वरून आखूड दिसतेय गं. अजून एकदा चालून बघशील? माझ्याकडे तेल आहे, मी घिरट्या घालते."

एबल, त्या वेळी माझा खुबा पेटला होता. पुन्हा तेवढं चालून जायचं आणि परत यायचं, या विचारानेच डोळ्यांत पाणी आलं. आणि रागही आला. मी तिला म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून मोजतेय मी. मला शिकवू नकोस. उतर."

"बरं," ती म्हणाली. आणि उतरली.

चाकं वरच्या फडक्यापाशी टेकली. जिथे टेकायला हवीत तिथेच. ती एक हातभरही पुढे उतरली नाही. मी बघत होते. विमान खालचं फडकं ओलांडून गेलं तेव्हाही धावत होतं, मग ओंडका, मग पाणी. पंखा वाकल्याचा आवाज अजून कानात आहे. आत फक्त ती होती, हे नशीब. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, हे तुला माहीतच आहे. बाकीचं तुला माहीत नाही.

दुसरं विमान येऊन तिला घेऊन गेलं, त्यानंतर मी दोन्ही फडकी उचलली. ती उचलायचीच असतात, मागे काही ठेवायचं नाही हा आपला नियम. पण दर वेळी मी ती सगळ्यात शेवटी उचलते. त्या दिवशी आधी उचलली. तेव्हा मला काही कळलं होतं असं नाही. पण कळू नये असं मात्र वाटत होतं.

मग दवाखान्यात मी तिला भेटायला आले. तू बाहेर फोनवर कुणावर तरी ओरडत होतास. पोरगी गळ्यातल्या झोळीत हात बांधून पडलेली, तोंड सुजलेलं. मला म्हणते, "आत्या, तुझा खुबा कसा आहे?"

मी म्हटलं, "माझ्या खुब्याला काय झालंय?"

तिने ते कानाआड केलं. मग म्हणाली, "मी बाबांना सांगितलंय, मी फडकं सोडून फार पुढे उतरले. रेडिओवरचं आपल्या दोघींतच राहू दे. मी अजून तिशीची नाही झाले, मला दुसरं काही जमेल. तुला इथून काढलं तर तू काय करशील?"

आणि मी गप्प राहिले. त्या पोरीला मी पहिल्यांदा चालताना धरलं होतं, तुझ्याच स्वयंपाकघरात. सात आठवडे मी तिला खोटं बोलू दिलं. तू तिला जेवताना टाकून बोलायचास, मी समोर बसून मासे खायचे. "हेस्टरने मोजलेलं कुणी परत मोजायचं नसतं," असं तू त्या साहेबांना फोनवर सांगितलंस, तेही मी ऐकलं. कुणीच मोजलं नाही. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. लाज आज वाटते आहे.

आज सकाळी तंबूची नवी दोरी काढली. पन्नास फुटांचं भेंडोळं, गाठ न सोडलेलं. मास्तरांना म्हटलं, जरा दुसरं टोक धरा. वरच्या टोकाच्या फडक्यावरचा सपाट दगड तिथेच आहे, ओंडकाही तिथेच आहे, विमानाने सोललेल्या सालीसकट. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी टाकत गेलो. मास्तरांनी का म्हणून विचारलं नाही, फक्त आकडे मोठ्याने म्हणत राहिले, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. सोळा वेळा पूर्ण दोरी आणि वर वीस फूट.

"आठशे वीस," ते म्हणाले. "तुमच्याशी जुळतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मी हजाराच्या वर सांगितले होते."

त्यांनी ओंडक्याच्या सोललेल्या सालीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. त्यांचं तोंड उतरलं. "मी काल ते आईचं बोललो..." म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं बोललात. मग आम्ही दोघांनी मिळून दोरी गुंडाळली. त्यांनी माझी बाजूही गुंडाळली.

मोठ्या विमानाला हजार लागतात. मी नेटीला दोनशे फूट कमी दिले आणि वर दरडावलं.

आता माझं ऐक, आणि एकदा तरी मध्ये बोलू नकोस. कागदावर तुला ते जमणारही नाही.

तू लहान विमान घेऊन येशील. त्याला इथे भरपूर जागा आहे, काळजी करू नकोस, हे दोरीने मोजून सांगते आहे. पहिल्या फेरीत मास्तर आणि ग्रेटाबाई. हे पत्र ग्रेटाबाईंच्या खिशात असेल. तुझ्या हातात देताना मी समोर असले तर इंजिनच्या आवाजावर ओरडून काहीतरी सांगेन आणि खरं ते राहून जाईल. माझी खात्री आहे, मी मला ओळखते. घरी उतरल्यावर त्या तुला देतील. उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

मग नेटीकडे जा. तिला काय म्हणायचं ते मी तुला शिकवणार नाही. पण सोमवारी ती सही करणार नाही. साहेबांसमोर मी बसेन आणि रेडिओवरचं शब्दन्‌शब्द सांगेन, "मला शिकवू नकोस" सकट. पुढच्या हंगामाच्या याद्यांतून माझं नाव काढ. तिकिटं लिहायला मी येईन, तू ठेवलंस तर. नाही ठेवलंस तरी मी तक्रार करणार नाही.

आणि एक मागणं आहे. दुसऱ्या फेरीला, मला न्यायला, तिला पाठव. तिचा परवाना अजून कुणी काढून घेतलेला नाही, तिला जमिनीवर तू बसवलं आहेस. हात डोक्यापर्यंत जातो म्हणतोस, तेवढा पुरे. तू शेजारी बसून ये हवं तर, पण हात मांडीवर ठेव. ती चक्कर मारेल आणि विचारेल, ते विचारल्याशिवाय ती राहणार नाही. "आत्या, किती आहे?"

मी तिला पावलं सांगणार नाही. मी म्हणेन, "नेटी, तुला वरून दिसतेय तेवढीच आहे."

फडकी दोन्ही टोकांना ठेवली आहेत. ढग आता खिंडीपासून थोडा सुटल्यासारखा वाटतो.

तुझी बहीण, जिचं पाऊल आता दोन फुटांचं आहे,
हेस्टर