पवनचक्कीजवळचं फाटक

१९ ऑक्टोबर

प्रिय रॉयस,

पाकिटावर नेब्रास्काचा शिक्का आणि माझं अक्षर दिसलं की तू हे पत्र न फोडताच शेगडीत घालशील, असं ओटो म्हणाला. आपला नालबंद ओटो रे, अजूनही नाल कमी ठोकतो आणि गप्पा जास्त. तुझा वायोमिंगचा पत्ता त्यानेच दिला. घाल बाबा शेगडीत, पण आधी वाच. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आता लिहायला बसलेय तर लांबण लागणार. मला थोडक्यात काही सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक!

तुझं लग्न झाल्याचंही ओटोनेच सांगितलं. जेनेल नाव, शाळेत स्वयंपाक करते, आणि मार्चमध्ये तुम्हाला मुलगी झाली. तो हे सांगत होता तेव्हा मी नाल ठोकायला घोडीचा पाय धरून उभी होते. पाय सोडला नाही, एवढंच. ओटो म्हणाला, "जावळ लालभडक आहे पोरीचं, बापावर गेलीय." मी म्हटलं, "मग बिचारीची कातडीही बापासारखी भाजेल, उन्हात जपा म्हणावं." आणि घरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

तू टेक्ससहून आमच्याकडे कामाला आलास तो दिवस आठवतो? मी गोमांसाची तिखट चिली केली होती आणि सोबत दालचिनीचे गोड रोल, इथे सगळे खातात तसे. तू ताटाकडे अशा नजरेने बघितलंस की मी जणू सापच वाढलाय. बाबांना म्हणालास, "मालक, तुमच्याकडे गोडा-तिखटाचं लग्न असं जबरदस्तीनं लावतात का हो?" आई गेल्यापासून बाबा इतक्या मोठ्याने हसलेले मी ऐकले नव्हते. जेवणानंतर त्यांनी तुला अंगणात नेलं आणि पहिला धडा दिला, मला सहा वर्षांची असताना दिला होता तोच. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. ज्याने तसं ठेवलंय त्याला काही कारण असतं. तू टोपी काढून "होय मालक" म्हणालास, आणि मी खिडकीतून बघत होते, हेही आज सांगून टाकते.

आणि ती फेब्रुवारीतली दुपार. ती तांबडी गाय आपलं मेलेलं वासरू चाटत उभी होती, आणि पलीकडे दुसरीच्या जुळ्यातलं एक उपाशी ओरडत होतं. तू मेलेल्याचं कातडं सोलून त्या उपाशी पिल्लाच्या पाठीवर सुतळीने बांधलंस, कोट घालावा तसं. गायीने हुंगलं, एक लाथ झाडली, पुन्हा हुंगलं आणि मग चाटायला लागली. तुझे हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले, माझ्या नाकाला शेण लागलेलं, आणि तू तिथेच मला जवळ ओढलंस. असला मुहूर्त जगात कुणी काढला नसेल! मी म्हटलं, "आधी हात तरी धू, मेल्या." तू म्हणालास, "धुतले तर तू पळशील." मी पळाले नसते रे. तुझ्याबरोबर काम केलेली ती अडीच वर्षं मी सुखात होते, आणि हे तुला एकदाही तोंडाने सांगितलं नाही. आम्हा लोकांना गायीशी गोड बोलता येतं, माणसाशी नाही.

आता तो ऑगस्ट. टाळून चालणार नाही. वरच्या कुरणातली पाणी उपसणारी पवनचक्की बंद पडली, तिथला हौद कोरडा पडला, म्हणून तू सोमवारी सकाळी दोन कुरणांमधलं फाटक उघडून ठेवलंस, गुरांनी खालच्या हौदावर यावं म्हणून. गुरुवारी आपण दोघं तिकडे गेलो तर फाटक लावलेलं. अकरा गायी तिथेच एकमेकींना खेटून मरून पडल्या होत्या, तोंडं खालच्या पाण्याकडे करून. त्यात ती तांबडीही होती. तू पिकअपमधून उतरलास, चाकू काढलास, फाटकाला बांधलेली केशरी सुतळी कापलीस आणि खिशात घातलीस. मला वाटलं, या माणसाला आत्ता सुतळी सुचतेय!

घरी ओसरीवर माझा भाऊ कर्ट ओमाहाहून येऊन बसला होता. बाबा विसरायला लागलेत, त्यांच्या डोक्याची तपासणी करायची, डॉक्टरांचा कागद मिळाला की रँच विकायचं, हे त्याचं टुमणं वर्षभर चाललं होतं. त्याने विचारलं, "फाटक लावलं कुणी?" बाबा तुझ्याकडे बघत होते, मीही तुझ्याकडेच बघत होते. तू म्हणालास, "मी. सवयीनं हात गेला." बस्स, एवढंच. मग मला हळूच म्हणालास, "ब्रिटा, जरा इकडे ये, दोघंच बोलू." आणि मी सगळ्यांदेखत तुला काय काय बोलले! अकरा जिवांचा खुनी म्हणाले. पहिल्या दिवशीचा धडा ज्याला अडीच वर्षांत पाठ होत नाही त्याने माझ्या दारात उभं राहू नये, असं म्हणाले. तू तासाभरात खोगीर पिकअपमध्ये टाकून गेलास. नंतर दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी तो वाजू दिला.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं ओटोकडून कळलं असेल, पण माझ्या तोंडून ऐक. महिनाभराने मला एका रँचवाल्याचा फोन आला, तू कामाला कसा आहेस म्हणून. मी म्हटलं, "माणूस कामाचा आहे, पण फाटकं त्याच्या हवाली करू नका." वाक्य मलाच इतकं आवडलं की पुढच्या दोघांनाही तेच ऐकवलं. गुरांच्या बाजारात त्याचा विनोद झाला. कुणी नको ते दार लावून टाकलं की म्हणायचे, "काय रे, रॉयसकडे शिकलास काय?" आणि तुझ्यासारखा माणूस, ज्याच्या फासातून वारं सुटलं असतं पण वासरू नाही, तो गुरांच्या चाऱ्याचा ट्रक हाकायला लागला. ते माझ्या जिभेमुळे.

या ऑगस्टमध्ये वरची चक्की पुन्हा बंद पडली. मी मधलं फाटक उघडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबांना पिकअपमध्ये घेऊन तिकडून चालले होते, तर ते म्हणाले, "थांब गं." उतरले. फाटक ओढलं, साखळी खांबाला दोनदा गुंडाळली, खिशातून पेंढ्या बांधायची केशरी सुतळी काढली आणि दातांनी ओढून गाठ मारली. दोराच्या वेढ्यात सापडून त्यांचा अंगठा तुटला तेव्हापासून ते तशीच मारतात, या अख्ख्या तालुक्यात तशी गाठ दुसऱ्या कुणाची नाही. परत येऊन बसले आणि म्हणाले, "त्या टेक्ससवाल्याला सांग, फाटकं उघडी टाकत जाऊ नको म्हणावं. मागेही मीच येऊन लावलं होतं." केवढ्या अभिमानाने म्हणाले, रॉयस! मला तुझा चाकू आठवला आणि तू खिशात घातलेली सुतळी आठवली. बाबांना कळू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि ते म्हणाले, "धूळ फार आहे, काच लाव."

म्हणजे तुला गाठ दिसताक्षणी कळलं होतं. बाबांचं नाव घेतलंस तर कर्टच्या हातात आयता कागद पडेल, रँच जाईल आणि माझं जग जाईल, हेही कळलं होतं. म्हणून सगळं स्वतःवर घेतलंस. मला एकटीला सांगणार होतास. त्यासाठी मी तुला पाच मिनिटंही दिली नाहीत. माझी चूक झाली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, त्याहून मोठं वाक्य माझ्याकडे नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गुरांच्या बाजारात गेले आणि लिलाववाल्याच्या हातातून माईक घेतला. शे-सव्वाशे टोप्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी आमच्या अकरा गायी मेल्या, त्यात रॉयसचा काही दोष नव्हता. फाटक माझ्या बाबांनी लावलं, माणूस मी हाकलला. त्याच्यावर हसलेल्या प्रत्येकाने आता माझ्यावर हसावं." कुणी हसलं नाही. ओटोने मात्र मागून ओरडून सांगितलं, "माईक दे गं परत, वळू ताटकळलाय!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि म्हणे तंबाखू उडाली. ज्या तिघांना मी ते वाक्य ऐकवलं होतं त्यांनाही फोन करून खरं सांगितलं.

मग कर्टलाही मीच बोलावलं. बाबांना आता एकटं ठेवणं खरोखर शक्य नव्हतं. ते ओमाहाला एका वृद्धाश्रमात आहेत, आणि तिथे दिवसभर कॉरिडॉरमधली सगळ्यांची दारं लावत फिरतात. नर्सबाई त्यांना काही म्हणत नाहीत. कधी कधी मला विचारतात, "तो पोरगा जेवला का?" मी म्हणते, "जेवला, बाबा. दालचिनीचा रोलही खाल्ला." तू ज्यासाठी नाव घालवलंस ते रँच गुरांसकट विकलं, रॉयस. कॅन्ससचं एक कुटुंब आहे, चांगले वाटले. एक नोव्हेंबरला ताबा.

आता पत्राचं कारण. त्या लोकांना इथलं सगळं बघणारा माणूस हवाय. मी एकच नाव दिलं, आणि का दिलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सोमवारी ते तुला फोन करतील. रँचचं नाव ऐकून तू फोन ठेवशील, या एकाच भीतीने मी हे लिहायला बसले. ठेवू नकोस. मी इथे नसेन. बाबांच्या जवळ राहायला ओमाहाला चाललेय, तिथे एका रोपवाटिकेत काम मिळालंय, आणि मी परत येणार नाही. म्हणून माझ्यासाठी नाही म्हणू नकोस आणि माझ्यासाठी हो पण म्हणू नकोस. मोठी बेडरूम पूर्वेची आहे, तिथे पाळणा ठेवा, पण पडदा जाड लावा, पोरीला ऊन सोसायचं नाही. जेनेलला सांग, गॅसच्या डावीकडच्या बर्नरचं बटण दाबून धरून फिरवावं लागतं. वरची चक्की अजून दुरुस्त झालेली नाही, तेवढं आल्याआल्या बघ. मधलं फाटक मी उघडं ठेवलंय. जसं सापडेल तसं सोड.

आता हा शब्द लिहायचा हक्क राहिलेला नाही, तरी एकदाच लिहिते,

तुझीच
ब्रिटा