बावीस सेकंद

३ मार्च, मंगळवार

बावीस सेकंद!

दुपारचा आलेख आत्ता, संध्याकाळी उघडला. तीन वाजून दहा मिनिटांनी बाबांचा श्वास थांबलाय. बावीस सेकंद रेघ सपाट, मग एक मोठा हिसका, आणि पुन्हा सुरू. चार वेळा पाहिलं. मशीनची चूक असावी म्हणून पाहिलं, पण चूक नाही हेच पटत गेलं.

आणि मी तिथेच होते! पुस्तकांच्या कपाटावर रडारची डबी, कपाटाला टेकून माझी खुर्ची, पलीकडे पलंगावर जाड दुलई घेतलेले बाबा. प्रयोगशाळेत झोपायला कोणी तयार होत नाही, म्हणून डबी घरी आणली आणि दुपारच्या झोपेला बाबांना धरलं. अंगाला काही न लावता, लहरी सोडून दुरून छातीची हालचाल मोजायची – पाच वर्षं हेच करतेय. आणि नेमका तेव्हाच माझा डोळा लागला. राखणदारच झोपला तर राखण कसली!

४ मार्च, बुधवार

आज चार वेळा. सगळ्यात मोठा सव्वीस सेकंद.

६ मार्च, शुक्रवार

काल दुपारभर डोळ्यांत तेल घालून बसले. काही झालं नाही. रेघ शहाण्या मुलीसारखी वर-खाली. आज जरा डुलकी लागली आणि उठून पाहते तो तीनदा थांबलाय! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं, पण माझा ब्रह्मराक्षस आकडे घेऊन येतो.

आई गेली तेव्हाही मी शेजारच्या खोलीत झोपले होते. हे मी कुणाला सांगत नाही. इथे लिहिते.

डोकं सकाळपासून जड आहे. बाबांना काही बोलले नाही. घाबरले तर उगाच वाढेल.

९ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेत सरांना आलेख दाखवला. ते खूशच झाले. म्हणाले, आपली लहर असले थांबेसुद्धा पकडते, पुढच्या सादरीकरणात हाच दाखवू. माझ्या बापाचा श्वास अडकतोय आणि यांना सादरीकरण सुचतंय! मी 'हो सर' म्हणून बाहेर आले. माझ्या अंगात एवढंच बळ.

झोपेच्या तपासणीसाठी दवाखान्यात शुक्रवारची रात्र मिळाली. बाबांना थाप मारली, की माझ्या मशीनची त्यांच्या मशीनशी तुलना करायची आहे. बाबा साफ नाही म्हणाले. मला काय धाड भरलीये, म्हणाले. धाकट्याला फोन केला, तर तो म्हणतो, ताई, तू लहानपणापासून राईचा पर्वत करतेस. लांब बसून बोलायला काय जातंय.

१० मार्च, मंगळवार

बाबा तयार झाले. एकदम! कालपर्यंत नाही, आणि आज चहा घेताना आपणहून विचारलं, "तिथे झोपेचेच डॉक्टर असतात ना? बोलता येतं त्यांच्याशी?"

म्हणजे त्यांनाही काहीतरी जाणवतंय. इतके दिवस लपवत होते. कप विसळायच्या निमित्ताने उठले.

१४ मार्च, शनिवार

काही नाही! रात्रभराच्या तपासणीत एकही थांबा नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी झोप म्हणजे हेवा वाटावा. बाबांनी मला फाइल आणायला खाली पिटाळलं आणि स्वतः आत दहा मिनिटं गप्पा मारत बसले. बाहेर आले ते गंभीर चेहऱ्याने. मला वाटलं, काही लपवतायत का? पण कागद तर स्वच्छ होता.

जिना उतरेपर्यंत मी हलकी होते. शेवटच्या पायरीवर मनात आलं – मग माझी डबी कुणाचा श्वास थांबलेला बघत होती?

१६ मार्च, सोमवार

अँटेना जोडून देणारा आमचा तंत्रज्ञ – सगळे त्याला पक्कड म्हणतात – त्याला सांगितलं. त्याने पेचकस खाली ठेवला आणि एकच विचारलं.

"मॅडम, रिकाम्या पलंगावर लावून पाहिलंत?"

नाही पाहिलं. पाच वर्षांच्या कामात मला ते सुचलं नाही. पंखा वगळला, भिंत वगळली, खिडकीचा पडदासुद्धा वगळला. पलंग रिकामा कधी ठेवलाच नाही.

१७ मार्च, मंगळवार

बाबा केस कापायला गेले. दुलई घडी करून ठेवली. खुर्चीत बसले, डबी चालू केली.

पलंग श्वास घेत होता. मिनिटाला पंधरा.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी पाय वर घेऊन बसले. मग मी श्वास रोखला. रेघ सपाट. सोडला – रेघ वर. खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. त्या वेळचा आलेख नंतर पाहिला – मेला होता.

चूक माझीच. लहर आखताना प्रत्येक प्रतिध्वनीच्या आसपास खोटे प्रतिध्वनी उठतात. ते पुसून टाकता येत नाहीत, फक्त कुठे उठावेत एवढं ठरवता येतं. पंखा पलंगापासून एक मीटरवर, म्हणून एक मीटरची जागा स्वच्छ ठेवली आणि खोट्या प्रतिध्वनींचा सगळा कचरा पलंगापासून दोन मीटरवर ढकलला. तिथे काय आहे? काही नाही, असं मी वहीत लिहिलंय. तिथे माझी खुर्ची आहे! मीच डबीच्या इतकी जवळ, की माझाच श्वास मोठा होऊन पलंगावर दिसायचा.

म्हणजे बावीस सेकंद माझे. सव्वीसही माझे. झोपले की मी थांबते. हे लिहितानाही श्वास मोजतेय. झोपायची भीती वाटते.

थांब्यांच्या तळाशी एक बारीक लहर होती. मी ती गोंगाट समजून रोज छाटत होते. आज परत जोडली. ते बाबा. पण ही लय झोपलेल्या माणसाची नाही. दोन आठवड्यांत एकाही दुपारी नाही. आणि थांब्याच्या शेवटी तो माझा हिसका यायच्या अगदी आधी, दर वेळी, तिच्यात एक झटका आहे.

१८ मार्च, बुधवार

बाबांना विचारलं, दुपारी झोपत का नाही. पेपर खाली न करता म्हणाले, "तू घोरता घोरता गप्प झालीस की मोजतो. वीसच्या पुढे गेलं की जोरात खोकतो. सांगितलं असतं तर तू झोपलीच नसतीस." डॉक्टरांकडे माझं नाव त्यांनी शनिवारीच घातलंय, उद्याचं.

आज दुपारी पलंगावर मी झोपले. खुर्चीत ते बसले. डबी बंद ठेवली.