हळदीला भाव येईपर्यंत

माय, तुला वाचता येत नव्हतं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना अक्षरं गिरवायला लावली, पण तुझ्या हातात कधी पाटी दिली नाही. तरी आज तुलाच लिहिते आहे, कारण घरात बोलायला दुसरं कुणी नाही आणि मला भीती वाटते आहे. येत्या चैत्रात मला पासष्ट पूर्ण होतात. अंगणवाडीच्या किल्ल्या दुसरीच्या हातात द्यायच्या, नारळ घ्यायचा आणि घरी यायचं. आम्हाला महिन्याची पेन्शन नाही. एकदाच काय ती रक्कम मिळते, ती कधी मिळेल ते देवाला ठाऊक. तुझे जावई तर तुझ्याही आधी गेले.

मागच्या महिन्यात वसमतला आमची बैठक होती. म्हातारपणाची तजवीज कशी करावी ते सांगायला बँकेतली एक पोरगी आली होती, माझ्या सुनेच्या वयाची. एकेकीला उठवून विचारत होती, बचत किती आणि कशात. कुणी पोस्ट म्हणाली, कुणी विमा, कुणी बचत गट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "चौदा पोती." तिला वाटलं मी गंमत करते. शेजारच्या बाईनं तिला समजावलं, "मॅडम, आमच्याकडं हळद ठिवतेत. भाव आला की इकायची." पोरगी म्हणाली, "पण मावशी, हळद खराब नाही होत?" मी ऐटीत म्हणाले, "हळद कुठं खराब होती व्हय, लेकरा?" आणि खाली बसले. बसल्या बसल्या मनात पोती मोजू लागले. अडीनडीला मी नेहमी वरचं पोतं काढलं आणि नवं आणलं तेही वरच रचलं. खालची किती वर्षांत हलवली नाहीत, ते मला आठवेना.

हे वळण तुझंच. होळीनंतर लोकांची हळद काढून झाली की तू मला घेऊन रानात जायचीस. मागं राहिलेला सरवा वेचायला कुणी अडवत नसे. ऊन तापलेलं आहे, ढेकळं तळव्याला टोचताहेत, मी रडकुंडीला आले आहे आणि तू पुढं वाकून बोटांनी माती उकरते आहेस. घरी आणून ती तू चुलीवर शिजवायचीस, माळवदावर वाळवायचीस, पोत्यात घालून घासायचीस. माझं पहिलं मानधन आलं आणि मी पोस्टात खातं काढते म्हणाले, तेव्हा तू केवढी कडाडलीस. "काहून? कागद चाटून पोट भरतंय का? हळद घेऊन ठिव. नवऱ्याला हळद पेता येत न्हाई." नवरा बिचारा चहासुद्धा एकच कप प्यायचा. पण मी तुझं ऐकलं. खोटं कशाला बोलू, त्या पोत्यांच्या जिवावर मी गावात ताठ मानेनं वावरले.

बैठकीहून आले आणि पोती उतरवली. वरची चार बरी निघाली. पाचव्यात हात घातला तर हळकुंड हातात असून नसल्यासारखं लागलं. बाहेरून पिवळंधमक, पण अंगभर सुईनं टोचावीत तशी भोकं. दाबलं तर पीठ. खालच्या सगळ्यांची हीच गत. पिशवीभर नमुना घेऊन वसमतला अडत्याकडं गेले. त्यानं मूठभर घेऊन वास घेतला. "बाई, सालातून एकदा ऊन दाखवायचं असतंय. गोदामात ठिवली असती तर बराबर राहिली असती." गोदामात ठेवली की पावती मिळते, आणि पावती म्हणजे कागदच. मी तुझीच लेक. वरच्या चार पोत्यांचा त्यानं भाव सांगितला आणि बाकीच्या दहांना "बघू" म्हणाला. अडत्याच्या बघूचा अर्थ तुला सांगायला नको.

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. पोराकडं राहायची भीती नाही मला. रिकाम्या हातानं राहायची आहे. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की सांगायचं, चप्पल तुटली की सांगायचं, कुणाच्या लग्नात आहेर करायचा तर सुनेच्या तोंडाकडं बघायचं. सून वाईट नाही. पण महिन्याच्या अखेरीला चांगल्या माणसाचाही चेहरा बदलतो, आणि तो बदललेला मला दिसेल.

परवा पुण्याहून पोराचा फोन आला. "माय, हळदीला भाव चांगला हाय म्हणतेत. दिवाळीत येतो, समदी इकून टाकू. इथं फ्लॅट बघून राहिलो, तुलाबी एक खोली व्हईल. काळजी काहून करतीस? मी हाय ना." पोरगं मनापासून बोलत होतं. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "थांब बाबा जरा. अजून भाव न्हाई." फोन ठेवला. इतक्या सफाईनं मी हे आधी कुणाला सांगितलं होतं, ते आठवलं.

तुला, माय. शेवटची दोन वर्षं तू माझ्याकडं होतीस आणि मोतीबिंदूनं तुला ताटातली भाकर दिसत नव्हती. फुकटच्या शिबिराला तू तयार नव्हतीस. "माझं पोतं हाय ना? ते इक अन् नांदेडला नेऊन डोळा करून आण." मी दर वेळी म्हणायची, थांब माय, भाव येऊ दे. तू "बरं" म्हणून भिंतीकडं तोंड करायचीस. मला पोराचं भय नाही. आपल्या माणसाचं असं कसं केलं जातं, आणि ते करताना माया जराही कमी झालेली नसते, हे मला माहीत आहे. त्याचंच भय वाटतं.

हा कागद कुठं पाठवू? सकाळी चुलीत जाईल. तुझं पोतं मी आधीच विकलं होतं, पोराच्या होस्टेलची फी भरायला. भाव चांगला मिळाला होता, माय.