वीतभर जमीन

ता. ३ ऑक्टोबर १८८६, रविवार
वैद्यबुवा येऊन गेले. आईचे गुडघे दाबून पाहिले. मग तिला काही न विचारता तिच्या खोलीची जमीन दाबून पाहिली. तळवा ओला झाला. मला ओटीवर बोलावून म्हणाले, "लेप देतो, पण लावायचा कुणाला? दुखणं जमिनीत आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्यांना वर उचला, नाहीतर पाय गेले म्हणून समजा."
खाडी इथून शंभर पावलांवर. वडिलांनी वारा छान येतो म्हणून इथे घर बांधले. ओलीचा विचार केला नसावा.

५ ऑक्टो., मंगळवार
खाटेची गोष्ट काढली. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विनू, तुझे वडील गेले त्या दिवशी खाट सोडली. अकरा वर्षं झाली. आता दोन गुडघ्यांसाठी चढू होय?"
नवरा गेलेल्या बाईने जमिनीवर निजायचे, हे आमच्या आळीत घरोघर आहे. पण बाकीच्या जणी खाली चटई, चटईवर गोधडी, असे हळूहळू वर चढतात. आमच्या मातोश्रींचे एक कांबळे. हट्टी बाई. माझा हट्ट कुठून आला हे सौ. कधी विचारत नाही.

१० ऑक्टो., रविवार
सुचले! आई जमिनीवरून उठत नाही, तर जमीनच उचलायची. खाली दांड्या, वर सागवानी फळ्या, मध्ये हवा खेळती. साहेबाच्या बंगल्यावर मोजणीचे कागद द्यायला गेलो होतो तेव्हा तसली जमीन पाहिली. जोडे काढून उभा राहिलो होतो. कोरडी, उबदार. बटलर हसला. हसो.
सौ.ला सांगितले. ऐकून म्हणाली, "छान. पण सारवायचं कसं?"
हे सुचले नव्हते.

१७ ऑक्टो., रविवार
दुपार हिशेबात. कल्याणच्या वखारीचा भाव विचारून ठेवला आहे. फळ्या बारा, दर पावणेदोन, म्हणजे रु. २१. दांड्या साडेतीन. खिळे सव्वा. खाडीने माल आणायला पडावाचे भाडे दीड, हमाल आठ आणे, डांबर बारा आणे. सुतार सहा दिवस, साडेचार. एकूण ३३. पगार २५, तो तर महिनाअखेर दिसतही नाही. पेटीत १९.
पगडी यंदा नको, ५. कौले चाळायला ठेवलेले ५. चार राहतात. सौ. मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "माझं दिवाळीचं लुगडं लिहा की तिथे." मी म्हटले, नको. म्हणाली, "लिहा हो. जुन्याला अजून काठ आहे." लिहिले. हात जरा थबकला, पण लिहिले.
तपकीर बंद. आजपासून. (उद्यापासून. डबीत थोडी आहे.)

१८ ऑक्टो.
खोली मोजली. मोजणीची सरकारी साखळी घरी आणणे बरे नव्हे, म्हणून वितीनेच मोजली. रुंदी माझ्या नेमक्या बारा विती. वखारवाल्याला कल्याणला पत्र टाकले: फळ्या बारा, रुंदी एक वीत. हिशेब कसा चोख!

७ नोव्हें., रविवार
आईला आता सांगितले. उगाच इतके दिवस लांबवले. म्हणाली, "म्हणजे खाटच की. पाय तेवढे जास्त."
मी म्हटले, भिंतीला भिंत लागलेली, हलवता येत नाही, ती खाट कशी? ती म्हणाली, "खाली माती लागते का? नाही ना? मग झालं."
निवाड्याला भटजींना बोलावले. त्यांनी दोनदा चूळ भरली, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "ग्रंथांत सागाविषयी काही आढळत नाही." दक्षिणा चार आणे. हिशेबात नव्हती.
आई उठून आत गेली. तिचा होकार न घेता फळ्या मागवल्यात, हे तिला कळले असावे. मला लाज वाटली, पण पत्र मागे घेतले नाही.

२१ नोव्हें., रविवार
पडाव भरतीबरोबर आला. फळ्या उतरवून घेतल्या. काय रंग! मधासारखा. ओटीवर रचल्या तर सगळ्या घराला वास. आई दोनदा ओटीवर येऊन गेली, दोन्ही वेळा दुसरेच काही काम होते म्हणे.
सुतार कोपरीचा, गोविंदा. माणूस कमी बोलतो, विडी जास्त ओढतो.

२७ नोव्हें., शनिवार
आज काय लिहावे.
कचेरीतून आलो तो गोविंदा दारात बसलेला. "रावसाहेब, फली कमी परली."
मी म्हटले, अशक्य. बारा सांगितल्या, बारा आल्या.
"बाराच हायेत. पन ही बगा." दारापासून ठोकत गेला होता, समोरच्या भिंतीपाशी पोचला तर फळ्या संपल्या. भिंतीलगत खोलीच्या लांबीभर उघडी जमीन. वीत ठेवून पाहिली. बरोब्बर एक वीत. माझी.
वखारवाल्याची वीत आखूड! ठेंगणा माणूस आहे, बोटे पोराएवढी. पत्रात मी नुसते 'वीत' लिहिले. कुणाची, ते लिहिले नाही. सगळ्या ठाणे तालुक्याची शेते मोजणारा मी! गोविंदा विडी पेटवून म्हणाला, "आमी तर सुतलीचा तुकरा धारतो." (मापाची सुतळी धाडतो म्हणे. हे मला आता सांगतोय!)
आणखी एका फळीचे पैसे नाहीत. कौलांचेही गेले.

२८ नोव्हें., रविवार
आईने काल आपले कांबळे स्वयंपाकघरात नेले. तिथली जमीन तर आणखी ओली, मोरी लागून. सकाळी तिला उठताना पाहिले. भिंत धरून, चुलीचा ओटा धरून, तीनदा बसून.
मला राग आवरला नाही. म्हणालो, "तुला पायच नको असतील तर राहू दे." तिने चुलीत लाकूड सारले. सौ. माझ्याकडे बघत राहिली. मी जेवलो नाही. न जेवून काय होते, पण जेवलो नाही.
तिने मला पाठीवर घेऊन खाडीकाठचा वैद्य गाठला होता, मी पाच वर्षांचा असताना, कफाने घुसमटलो तेव्हा. याच गुडघ्यांवर. आणि मी असे बोललो.

२९ नोव्हें., सोमवार
सकाळी आईच्या खोलीत डोकावलो, ते लाकडाच्या वासाने. तर भिंतीलगतची ती वीतभर पट्टी शेणाने सारवलेली. ताजी. कडेला रांगोळीची चार बोटे ओढलेली. फळ्यांवर एक शिंतोडा नाही.
आई बाहेर तुळशीपाशी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोकळी राहिलीय तर कोरी कशी ठेवायची?"
एवढेच. माफी मागायची होती, पण तोंडातून निघाले, "चहा झाला का?"

१ डिसें., बुधवार
सौ.ने सांगितले. आईचे कांबळे परत खोलीत. फळ्यांवर, पार त्या पट्टीच्या कडेला. सौ. पहाटे चूल पेटवायला उठली तेव्हा तिने पाहिले. आई कुशीवर निजलेली, आणि एक हात खाली, सारवलेल्या पट्टीवर पालथा.
नंतर सौ.ने विचारले म्हणे. आई म्हणाली, "हात जमिनीला आहे ना? मग मी जमिनीवरच निजले."
हे ऐकून मी कचेरीत उशिरा गेलो. आयुष्यात चुकीची मोजणी केल्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

६ फेब्रु. १८८७, रविवार
वैद्यबुवा. सूज निम्मी. आई आज काही न धरता ओटीच्या दोन पायऱ्या उतरली, आणि उतरल्यावर मागे वळून पायऱ्यांकडे बघत राहिली. बुवा म्हणाले, "झकास. पण भिंतीलगतची ती फट बुजवा. पावसात ओल तिथूनच वर येईल. फळ्याही खाईल, म्हातारीलाही."
मी हो म्हटले.

१७ एप्रिल, रविवार
कौले चाळून झाली. पेटीत उरले पाच. फळीचे पावणेदोन होतात. सौ.चे लुगडे आधी घेऊ म्हटले तर ती म्हणते, "आधी आईंचं बघा." मग थोड्या वेळाने, "पण फट बुजवली तर आई परत स्वयंपाकघरात जातील हो." मग पुन्हा, "आणि नाही बुजवली तर पाय जातील." मी म्हटले, एकच काय ते सांग. म्हणाली, "मला काय कळतंय!" आणि डोळे पुसत आत गेली.
पत्र टाकले. सोबत सुतळीचा तुकडा.

२९ मे, रविवार
फळी आली. खाडीवर ढग. गोविंदा विचारून गेला, "कवा ठोकू?" सांगतो म्हटले.
फळी ओटीवर भिंतीला टेकवून ठेवली. आईने विचारले, कशाला? मी म्हटले, फडताळाला. साठ वर्षांच्या बाईला थाप मारायची म्हणजे माझ्यासारखा मूर्ख मीच. तिने फळीवरून हात फिरवला. मग आपली वीत तिच्या रुंदीवर ठेवली. केवढीशी वीत. फळी दोन्ही बाजूंनी उरली.
म्हणाली, "या खेपेस पुरेल ना रे, विनू?"
मी हो म्हटले. तिने मान हलवली आणि शेणाची पाटी उचलून खोलीत गेली. आज सारवायचा दिवस नव्हता. बराच वेळ तिचा हात फिरल्याचा आवाज येत होता.
गोविंदाला अजून निरोप धाडलेला नाही.