सूर्य ऐकणारी डिश

सर, परवा एका मासिकाने माझ्याकडे वेड्या शास्त्रज्ञाची गोष्ट मागितली. अशा गोष्टी मी पुष्कळ लिहिल्या आहेत. माणसांना मुंगीएवढं करणारे, समुद्र गोठवणारे, प्रयोगशाळेत एकटेच खदाखदा हसणारे. संपादक म्हणतात, तुमचे खलनायक खरे वाटतात. वाटणारच, कारण पहिला मी नववीत असताना तुमच्यावर बेतला होता. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवी गोष्ट बाजूला सारून आज तुम्हालाच लिहायला बसले आहे.

नारायणगावच्या एका केबलवाल्याने टाकून दिलेली जाळीची डिश तुम्ही टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटांवर आडवी टाकून आणलीत. शाळेत टीव्ही येणार म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो. तुम्ही ती गच्चीवर बसवलीत, तिला जुन्या रेडिओचा स्पीकर जोडलात आणि एका मधल्या सुट्टीत मला वर बोलावलंत. मी आठवीत होते, पाय उन्हाने भाजत होते. डिशचं तोंड मोकळ्या आभाळाकडे होतं, स्पीकरमधून बारीक सूं सूं येत होतं. तुम्ही ती हाताने हळूहळू फिरवता, तिचं तोंड सूर्यासमोर येतं आणि आवाज एकदम चढतो, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा. एरवी वर्गात पुस्तकी बोलणारे तुम्ही, पण तेव्हा म्हणालात, "ऐकलंस का? ह्यो सूर्य हाय." मग मला फिरवू दिलंत. बाजूला नेली की आवाज उतरायचा, सूर्याकडे आणली की चढायचा. जन्मापासून ज्याचं ऊन अंगावर घेतलं, त्याला आवाजही आहे हे मला त्या दिवशी कळलं. तारेने बांधलेल्या चष्म्याचा हा माणूस काहीही करू शकेल असं वाटलं, आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटली. त्या हिवाळ्यात मंचरच्या विज्ञान प्रदर्शनात त्या डिशला दुसरा नंबर मिळाला.

पुढच्या पावसाळ्यात पेरण्या झाल्या आणि पाऊस गायब झाला. ढग यायचे, डोक्यावरून निघून जायचे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिशमुळे पाऊस पळतो, असं तेव्हा बाजारात लोक बिनदिक्कत बोलायचे. मी ती कंडी उचलली आणि गोष्ट लिहिली. शाळेच्या गच्चीवर एक दुष्ट शास्त्रज्ञ डिश फिरवून गावावरचे ढग ओढून घेतो आणि बाटल्यांत बंद करतो. पंधरा ऑगस्टच्या हस्तलिखितात आम्हा सगळ्यांचं लिखाण तुम्हीच तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचात, तशी ही गोष्टही उतरवलीत. शेजारी चित्र काढलंत, आणि त्या शास्त्रज्ञाच्या नाकावर तारेने बांधलेला चष्मा चढवलात. झेंडावंदनानंतर मी ती माइकवर वाचली. आधी लोक हसले. मग एकेक मान वर गच्चीकडे वळू लागली.

जिलेबी वाटून होते न होते तोच चार बाप्ये पुढे आले. "सर, ही डिश लावल्यापासनं पाऊस न्हाई, हे खरं हाय का नाय?" त्यातला एक माझ्याकडे वळला. "तुला कुनी सांगितलं गं हे?" मी मनाने रचलंय, एवढंच म्हणायचं होतं. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. तुम्ही म्हणालात, "गोष्ट मी लिहायला लावली. पोरीला काही विचारू नका." मग तुम्ही त्यांना समजावत राहिलात, "ती काही करत नाही भाऊ, नुसतं ऐकते. कान आहे तो."

"मग तेवढा कान काढा राव."

त्यांनी जाळी फाडू नये म्हणून पाना घेऊन तुम्हीच वर चढलात. एकेक नट काढून खिशात ठेवलात. पोळ्याच्या आधी पाऊस आला आणि गावाची खात्रीच पटली. डिश पुन्हा कधी चढली नाही. तुमच्या परसात तिच्यावर मिरच्या वाळायच्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. मी रडायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही हस्तलिखित उघडून म्हणालात, "गोष्ट जमलीय. फक्त एक राहिलं. तो ढग का चोरतो?"

"दुष्ट आहे म्हणून."

"हे काही कारण झालं नाही. कारण सापडलं की पुन्हा लिहून आण."

एवढा मोठा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही, सर. इतक्या गोष्टी लिहिल्या, पण तेवढी एक पुन्हा लिहून आणली नाही. ते हस्तलिखित तुमच्या मुलीने मला आणून दिलं आहे. तुमच्या चष्मेवाल्या चित्राशेजारी हा कागद घडी करून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? मंचरच्या त्या प्रदर्शनाला डिश नेताना तुम्ही टेम्पोत माझ्याऐवजी दुसऱ्या मुलीला बसवलंत. मी फाटकाशी नवीन रिबिनी बांधून उभी होते. तो ढग का चोरतो, हे तुम्ही विचारलंत तेव्हाही मला कारण माहीत होतं. ते त्या शास्त्रज्ञाचं नव्हतं, माझं होतं.