पाच नंबरची नोंद

अण्णा,

तुमच्या क्लबचा इतिहास लिहायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलंय. अल्सेशियनवाल्यांना आपापल्या कुत्र्याच्या सात पिढ्या पाठ असतात, पण क्लब कुणी काढला म्हणून विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. हिवाळ्यात शो आहे, स्मरणिका छापायची आहे. नवा अध्यक्ष, तिशीतला पोरगा, विजय नगरात ऑफिस, मला फोनवर म्हणाला, "मॅडम, दो पेज बस. फोटो ज्यादा, मॅटर कम. और प्लीज, पॉजिटिव रखना." हो म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि रिटायर झाल्यापासून मी तो कुठे ठेवलाय देव जाणे. माळ्यावरून तुमची पेटी काढली. धूळ नाकातोंडात गेली, दोन दिवस खोकले. रजिस्टर सगळ्यात खाली होतं, तुमच्या खाकी मफलरात गुंडाळलेलं.

पहिली मीटिंग आपल्या ओसरीवर झाली, हे लिहिलं. सात माणसं, पाच कुत्री, त्यातली दोन एकमेकांच्या अंगावर गेली आणि आईचे पोहे शेवेसकट अंगणात सांडले, हे नाही लिहिलं. आई म्हणाली होती, "क्लब काढा नाहीतर सर्कस काढा, माझ्या कणकेत एक केस आला तर याद राखा." पहिला शो शाळेच्या मैदानावर. चुन्याने रिंग आखली ती तुम्ही आणि मी. राजवाड्याजवळच्या खेळाच्या दुकानात कुत्रा असलेला कप कुठून मिळणार? बॅडमिंटनचा मिळाला. तुम्ही वरच्या खेळाडूची रॅकेट करवतीने कापून टाकलीत. जिंकणाऱ्याने कप फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "ये आदमी सलाम किसको कर रहा है?" तुम्ही चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणालात, "आपके कुत्ते को." आता शो मोठ्या गार्डनमध्ये होतो, स्क्रीन लागते, कुत्रं धरून पळणारी माणसं बाहेरून बोलावतात आणि मालक खुर्चीवर बसून व्हिडिओ काढतात. मागच्या वर्षी गेले होते. डोकं दुखायला लागलं, अर्ध्यातून परत आले.

लोकांना वाटतं क्लब म्हणजे शो. तुमच्या लेखी क्लब म्हणजे रजिस्टर. कुणाकडे कुत्री व्याली की पिल्लं दोन महिन्यांची व्हायच्या आत तुम्ही स्कूटर काढायचात. एकेक पिल्लू उलटंपालटं करून बघायचं, सुयांच्या चिमट्याने कानात नंबर गोंदायचा, त्यावर हिरवी शाई चोळायची, मोठ्याने सांगायचं नर की मादी, रंग काय, आणि तुमच्या मागे बसून मी ते लिहायचं. मी तेरा वर्षांची झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. मी आपली हुरळून गेले, तर म्हणालात, "वाढदिवसाचं नाहीये, रजिस्टरचं आहे. मी बोलेन तेच लिहायचं आणि बोलल्यावर लगेच." पहिल्याच महिन्यात मी एका पिल्लाचा रंग चुकवला आणि ब्लेडने कागद खरवडून नीट केला. तुम्ही पान उजेडात धरलंत. आवाज चढवला नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटायची. "हे चोराचं काम. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द. शेजारी ज्याची चूक त्याची सही. आणि पेनाने. पेन्सिल शाळेत." मी मोरीत जाऊन रडले. तुम्हाला माहीत होतं, पण आला नाहीत.

आणि मग सियागंजची ती सकाळ. बाजारात खाली सेठजींचं किराणाचं दुकान, वर घर, तिथे त्यांची कुत्री व्यालेली. जिन्यात हिंगाचा आणि मिरचीचा असा ठसका की पिल्लंसुद्धा शिंकताहेत. आठ पिल्लं. सेठजी पिल्लू धरतात, तुम्ही दाराकडे पाठ करून खाली वाकलेले, पिल्लू केकाटतंय, तुम्ही नंबर आणि नर-मादी सांगताय, मी लिहितेय. चार नीट झाली. तेवढ्यात आतून सेठाणी हळूच म्हणाल्या, "बेटी, जलेबी गरम है, आ जा. ये दोनों तो घंटा भर लगाएंगे." मी गेले. एक खाऊन येते म्हटलं, आणि चार खाल्ल्या. परत आले तेव्हा आठही पिल्लं पोत्यावर एकात एक, कान हिरव्या शाईने माखलेले, आकडे काय दिसणार डोंबल! रजिस्टरमध्ये चार ओळी कोऱ्या. विचारता आलं असतं. पण विचारलं की बोलणी बसणार, तीही परक्याच्या घरी. रंग सगळ्यांचा सारखाच, उरलेल्यांत दोन नर, दोन माद्या, एवढं ठाऊक होतं. ठोकून दिलं. पाच: मादी. सहा: नर. सात: नर. आठ: मादी. पानाच्या कोपऱ्यावर पाकाचं बोट उमटलं ते अजून आहे. तुम्ही खाली सही केलीत. वाचलं नाहीत, कारण लिहिणारी मी होते.

त्यातला एक नर राजवाड्यामागे दोन खोल्यांत राहणाऱ्या ड्रॉइंगच्या मास्टरजींनी घेतला. नाव ठेवलं बादल. रजिस्टरमधला सहा नंबर नर, म्हणून बादलच्या कागदावर सहा लिहून दिला. केसाळ कानात वाकून कोण बघतंय? मास्टरजी पहाटे त्याला बंद बाजारातून पळवायचे, स्वतः चहा सोडला आणि त्याला दूध लावलं. दोन वर्षांनी आपल्या शोला पहिल्यांदा बाहेरचा जज आला. बादल शेवटच्या दोघांत. मास्टरजींनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, सारखी कॉलर ओढताहेत, कुत्रा मात्र देवळासारखा उभा. जजने टॉर्च मागवला आणि कान उलटा केला. कागदावर सहा, कानात पाच. रजिस्टर आणवलं, तर पाच नंबर मादी. मागून कुणीतरी ओरडलं, "क्या भिया, कुत्ताच बदल दिया क्या?" लोक हसले. बादलला रिंगबाहेर काढलं.  बाहेर चुन्याच्या रेघेपाशी उकिडवे बसून मास्टरजी त्याचा कान पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. मी तुमच्या शेजारी उभी होते, अण्णा, आणि मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलात, मांडीवर रजिस्टर. आई भाकरी थापायची थांबली. तुम्ही रागावलेले नव्हतात. नुसतं विचारलंत, "पाच नंबरला मी काय म्हणालो होतो, आठवतं का गं?" मी पटकन म्हटलं, "मादी म्हणालात. मी तेच लिहिलं." एवढंच. तुम्ही दोन्ही तळहातांनी डोळे चोळलेत आणि म्हणालात, "मग डोळेच गेले माझे. नर हातात धरून मादी म्हणालो." आई म्हणाली, "अहो, होतं असं." तुम्ही म्हणालात, "होऊ नये." पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीपद सोडलंत. सुयांचा चिमटा तेल लावून कपाटात ठेवलात, त्याला परत हात म्हणून लावला नाहीत. नोंदी ठेवणाऱ्या वरच्या ऑफिसला पत्रांवर पत्रं लिहिलीत, नोंद दुरुस्त होऊन आली तेव्हा बादलच्या तोंडावर पांढरे केस आले होते.

मला सगळ्यात जास्त काय छळतं, सांगू? तुमचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते. पंचांगातलं बारीक अक्षर खिडकीशी धरून वाचायचात. पण कुणी साधं पोस्टाचं पाकीट सहीला आणलं तरी मला हाक मारायचात, "आधी तू बघ गं, मला नीट दिसत नाही." आणि मी बघायचे. बघून, "ठीक आहे, करा" असं सांगायचे. पंधरा वर्षं! लाज वाटली पाहिजे होती. वाटायचीही, पण लाज वाटून गप्प बसायची सवय होते, मग नुसती सवय उरते.

तुम्ही गेलात तेव्हा मास्टरजी भेटायला आले होते. तुम्ही दर रविवारी "जरा चक्कर मारून येतो" म्हणून निघायचात, ते कुठे, हे मला त्या दिवशी कळलं. मास्टरजी म्हणाले, "बेटी, मेरे घुटने खराब हो गए थे. बादल को हर इतवार तुम्हारे पिताजी घुमाते थे, जब तक वो रहा. और हर बार वही, 'माफ करना मास्टरजी, मेरी नजर चूक गई.' मैं कहता, भाईसाहब, अब छोड़िए भी." समोर बसले होते, रुमालाने डोळे पुसत होते. आत्ता सांगून टाकावं, म्हणून मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, "चहा घ्या ना." त्यांनी घेतला. आता तेही गेले. ज्याला सांगायचं असं कुणी उरलं नाही, आणि मी सांगायला तयार बसलेय. वा रे मी!

काल अध्यक्षाला विचारून बघितलं, ते नंबरचं प्रकरण लिहू का म्हणून. "अरे नहीं मॅडम, इतना पुराना कौन पढ़ेगा. स्वास्थ्य कारणों से पद छोड़ा, ऐसा डाल दो." डाललं. भांडायची ताकद नव्हती, की इच्छाच नव्हती, हे मला या वयात ठरवता येत नाही. मजकूर छापायला गेला. तुमचा तो टाय लावलेला फोटो आहे सोबत, चांगला आलाय.

आज दुपारी सगळं पेटीत परत ठेवताना सियागंजचं पान पहिल्यांदा उघडलं. इतकी वर्षं मी ते बघितलंच नव्हतं. पाच नंबरच्या ओळीत एक रेघ, खालचं 'मादी' स्वच्छ वाचता येतंय. वर तुमच्या अक्षरात 'नर'. सहाचंही तसंच. आणि शेजारी, ज्याची चूक त्याची म्हणून, तुमची सही. कोपऱ्यात माझं पाकाचं बोट.  तुमच्या सहीवर रेघ मारावी म्हणून हात उचलला, पण तो काही केल्या पुढे जाईना. मग तिच्याखाली, राहिलेल्या एवढ्याशा जागेत, माझी सही केली आणि आजची तारीख घातली.

हे पत्र त्याच पानात ठेवून मफलर परत गुंडाळतेय. माळ्यावर उद्या चढवीन, आज गुडघे नाही म्हणतात. एक मात्र सांगितलं पाहिजे, अण्णा. तुमचं पेन पेटीत होतं, टेबलावर चार पेनं पडली होती. सही मी पेन्सिलीने केली आहे.